परदेशचे कर्ज आणि सांगोल्याचे डाळिंब

आमचा सांगोला तालुका दुष्काळी. माण नदीला पाणी थोडे दिवस, वाळू बारा महिने. १९७२ च्या दुष्काळात इथली बायामाणसे खडी फोडायला जात. आम्ही तेव्हा लहान होतो, पण ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

१९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लावायला सरकारी पैसा मिळू लागला. तेव्हापासून तालुक्यात डाळिंब पसरले. २०१६ साली ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे काय, तर दुसऱ्या मुलखातला माल या नावाने विकता येत नाही.

हे सगळे एकट्या शेतकऱ्याने केलेले नाही, आणि एकट्या सरकारनेही नाही. झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडणारी नळी पाहा. तिला आपण ठिबक म्हणतो. ही युक्ती इस्राएल देशात वाढली. आपल्याकडे जळगावच्या जैन कंपनीने ती तयार करून विकली. सरकारने नळीवर अनुदान दिले. कंपनीचा धंदा झाला, आमची बाग जगली. कंपनीने नफा घेतला म्हणून रागावायचे कारण नाही. फुकट कोण नळी देणार?

आता परदेशच्या पैशाकडे येऊ. पारावर कुणीतरी सांगतो, “परदेशातून मदत आली.” पण मदत दोन तऱ्हेची असते. एक परत द्यावी लागत नाही. नगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात दरेवाडी गाव आहे. तिथे जर्मनीच्या पैशातून माती-पाणी अडवायचे काम झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर गुरे चारणे बंद ठेवले. तो पैसा देणगीचा होता.

दुसरी मदत म्हणजे कर्ज. २०२१ साली आशियाई विकास बँकेने महाराष्ट्राला १० कोटी डॉलर कर्ज द्यायचा करार केला. या बँकेची कचेरी फिलिपाईन्स देशात मनिला शहरी आहे. आपला देशही तिचा सभासद आहे. या योजनेला ‘मॅग्नेट’ म्हणतात. त्यात डाळिंब, केळी, सीताफळ अशी पिके आहेत. जागतिक बँकेच्या कर्जातून ‘स्मार्ट’ नावाची अशीच दुसरी योजना २०२० साली सुरू झाली. हे कर्ज तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही. ते सरकार फेडते. पण सरकार फेडते ते तुमच्या-आमच्या कराच्या पैशातूनच. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. म्हणून ‘आला पैसा, गेला पैसा’ असे म्हणून चालत नाही.

हा पैसा कशाला लागतो? डाळिंब तोडले की ते निवडावे लागते, थंड खोलीत ठेवावे लागते. थंडीत ते महिना-दोन महिने टिकते. मग भाव पडला असताना व्यापाऱ्यापुढे हात जोडावे लागत नाहीत. पण अशी खोली एकट्याला परवडत नाही. दहा शेतकरी मिळून कायद्याने कंपनी काढू शकतात. तिला शेतकरी उत्पादक कंपनी म्हणतात. शेअर कमी असो की जास्त, मत एकालाच एक. अशा कंपनीला योजनेतून काही रक्कम मिळते, काही तिने स्वतः घालायची. खाजगी व्यापारीही योजनेत येऊ शकतो. माल परदेशी पाठवायचे ज्ञान त्याच्याकडे असते. युरोपातले गिऱ्हाईक फळात औषधाचा अंश किती राहिला ते तपासून घेते. म्हणून कोणते औषध कोणत्या तारखेला फवारले, ते वहीत लिहून ठेवावे लागते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही बँकेला करता येत नाही. ती म्हणजे विहिरीत पाणी भरणे. ठिबकने पाणी वाचले, तेव्हा वाचलेल्या पाण्यावर आम्ही आणखी बाग लावली, आणखी खोल बोअर मारले. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी विकत आणून झाडे जगवली. ती चूक व्यापाऱ्याची नव्हे, सरकारचीही नव्हे. पुढे तेल्या आणि खोडकिडीने कितीतरी बागा काढून टाकाव्या लागल्या. सगळी मदार एकाच पिकावर ठेवली की असे होते. चार झाडे बोराचीही असावीत, हे आमचे मत आहे. आमच्या घरी ते कुणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी!

आता करारनाम्याचे सांगतो. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराने एका व्यापाऱ्याच्या कागदावर न वाचता सही केली. तोडणीच्या दिवशी निम्मी क्रेट ‘डागी’ म्हणून बाजूला पडली. ते भांडायला गेले. व्यापाऱ्याने कागद दाखवला. डागी माल घेणार नाही, असे त्यात लिहिलेलेच होते. मग ते साक्षरता वर्गाला येऊ लागले.

यंदा ते नवा करारनामा घेऊन आमच्याकडे आले. आम्ही चष्मा शोधत होतो, तोवर बोट ठेवून त्यांनी स्वतःच वाचायला सुरुवात केली. भाव, वजन, पैसे किती दिवसांत मिळणार, सगळे नीट वाचले. ‘डागी’ या शब्दाशी थांबले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “डाग केवढा, ते इथं लिहिलेलं नाही. ते लिहून आणल्याशिवाय मी सही करत नाही.”