लिहिणारे अनेक, वाचणारा घाईत

सीवूड्समध्ये राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा जगाच्या नकाशावर, आपल्या परिसरातली नावे मराठीत घालावीशी वाटली असे धरू. सीवूड्स-दारावे स्थानक, करावे गाव, पाम बीच रस्ता. चार-दोन नावे घालून झाल्यावर त्याला वाटते, हे कसे करायचे ते मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे नेरूळ-बेलापूरची मंडळीही हात लावतील. मुक्त सॉफ्टवेअरची बरीचशी माहितीपाने अशीच स्वयंसेवकांच्या हातून लिहिली जातात. ती कशी लिहायची याचे संकेत असतात, आणि ते या एकाच पानावर तपासून पाहता येतात.

पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: ‘स्थानकाचे नाव मराठीत टाकता येते. त्यासाठी अधिकचे चिन्ह दाबावे, जे नावाच्या रकान्याशेजारी दिसेल. मात्र त्याआधी खात्यात प्रवेश केलेला असावा.’ माहिती चुकीची नाही, क्रम चुकीचा आहे. वाचणाऱ्याचा एक डोळा पानावर आणि एक पडद्यावर असतो. तो वाक्य पुरे होण्याआधीच बोट हलवतो. म्हणून अट आधी, मग जागा, मग कृती: ‘खात्यात प्रवेश करा. नावाच्या रकान्याशेजारी अधिकचे चिन्ह आहे, ते दाबा.’

‘दाबावे’ का नको? एक तर त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. दुसरे म्हणजे ते सक्तीचे आहे की नुसता सल्ला, हे कळत नाही. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न इतका छळत होता की मार्च १९९७ मध्ये त्यांनी आरएफसी २११९ नावाचा एक छोटा दस्तऐवज केवळ यासाठी काढला: ‘केलेच पाहिजे’, ‘शक्यतो करा’ आणि ‘केले तरी चालेल’ यांना नेमका काय अर्थ घ्यायचा. मराठी पानातही या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या तर निम्मे गैरसमज टळतात.

बटणाचे नाव पडद्यावर आहे तसेच लिहायचे. पडद्यावर ‘जतन करा’ असेल तर आपल्याला ‘साठवा’ कितीही गोड वाटो, पानात ‘जतन करा’च. एरवी शब्दांची एकवाक्यता राखायला यादी लागते. रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअर कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेल्या फ्युएल प्रकल्पाने पडद्यावर नेहमी येणाऱ्या शब्दांच्या अशा याद्या मराठीसह अनेक भाषांसाठी केल्या. ‘फाइल’ की ‘फाईल’ हा वाद दर पानावर नव्याने घालण्यापेक्षा यादीत एकदाच घातलेला बरा. ठिकाणांच्या नावांपुरती ओपनस्ट्रीटमॅपची रीत सोपी आहे: जागेवर जे आहे ते नकाशावर. म्हणजे सीवूड्स, सीवुड्स की सीवूड, याचे उत्तर शोधायला आधी स्थानकावरची पाटी बघायची.

आता सगळ्यात नाजूक भाग, विशेषतः संगणकाला द्यायच्या आज्ञा सांगणाऱ्या पानांत: जे जसेच्या तसे टंकायचे आणि जे आपापले घालायचे, यातला फरक. युनिक्स या संगणक प्रणालीचे पहिले छापील मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चे. त्याच्याच वंशातल्या आजच्या लिनक्सच्या पानांत जसेच्या तसे टंकायचे ते ठळक, बदलून घालायचे ते तिरपे, ऐच्छिक ते चौकोनी कंसात, आणि पुन्हा पुन्हा येऊ शकते त्यापुढे तीन टिंबे. देवनागरीत तिरपा ठसा लहान अक्षरांत चटकन कळत नाही, आणि शिरोरेषेसकट कलंडलेली ओळ दिसतेही विचित्र. त्यामुळे बदलून घालायच्या शब्दांसाठी माझे मत टोकदार कंसाच्या बाजूने आहे. अंकांचेही तसेच. वाक्यात ‘५ मिनिटे’ चालेल, टंकायच्या मजकुरात मात्र संगणकाला हवे तेच अंक. आणि वर्ड प्रोसेसरने परस्पर गोल केलेली अवतरणचिन्हे आज्ञेत राहिली, तर ती आज्ञा चिकटवणारा अर्धा तास डोके धरून बसतो.

मराठीची एक खास अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत, अजूनही देतात. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. ‘दुसऱ्या’मधला तो आडवा ‘र’सुद्धा, जो रफार नव्हे, दोन रीतींनी टंकता येतो. एका पानात एक रीत आणि दुसऱ्यात दुसरी असली, की शोध घेणाऱ्याला अर्धीच पाने सापडतात. कोणती रीत घ्यायची हे संकेतात लिहिलेले हवे; कोणती घेतली याला त्यामानाने कमी महत्त्व.

नमुन्यादाखल संकेतस्थळाचा किंवा ईमेलचा पत्ता द्यायचा तर स्वतःचा किंवा मनाने रचलेला देऊ नये. रचलेला पत्ता उद्या कोणाचा तरी खरा निघतो. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने एक्झाम्पल डॉट कॉमसारखी नावे याच कामासाठी राखून ठेवली आहेत.

मूळ मजकुरात दर वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचे, हा संकेत नवख्यांना खटकतो. तो जुना आहे. युनिक्सच्या मंडळींतले ब्रायन कर्निगन यांनी १९७४ मध्येच तसा सल्ला दिला होता. वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, कारण पान तयार होताना ओळी जोडल्या जातात. पण मजकुरातल्या बदलांची नोंद ठेवणारी गिटसारखी साधने ओळीशी ओळ ताडतात. सगळा परिच्छेद एकाच ओळीत असेल, तर एक शब्द बदलला तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. वाक्य सुटे असेल तर तपासणाऱ्याला नेमके ते वाक्य दिसते.

याच कारणाने वेलांट्या सुधारणे आणि पायऱ्यांचा क्रम बदलणे एकाच फेरीत करू नये. पन्नास ऱ्हस्व-दीर्घांच्या गर्दीत चुकीची पायरी सहज निसटते, आणि तपासणारा कोणी पगारी नसतो. तोही संध्याकाळी काम आटोपून बसलेला असतो.