ओलावा मोजणारे यंत्र गप्प का होते?

मोसंबीच्या बागा, बियाणे उद्योग आणि पोलाद कारखाने ही जालना जिल्ह्याची ओळख. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील अनेक मोसंबी बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. पाणी मोजून देण्याचे महत्त्व या भागाला वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. जमिनीतील ओलावा मोजून तो वाय-फायद्वारे मोबाइलवर कळविणारी छोटी यंत्रे याच गरजेवरचा एक उपाय होत. परंतु यंत्राचा दिवा लुकलुकत असतो, वाय-फायही जोडलेले असते आणि तरीही आकडे येणे एकाएकी थांबते. अशा वेळी ओलावा मोजणारा भागच बिघडला असे समजून तो बदलला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा यंत्र आणि सर्व्हर यांच्यातील सुरक्षित जोडणीत असतो.

ही जोडणी होताना सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. एखाद्या दाखल्यावर आपण नाव, मुदत आणि शिक्का पाहतो, तसेच यंत्रही पाहते. नाव योग्य आहे काय, आजची तारीख मुदतीत बसते काय आणि शिक्का ओळखीच्या संस्थेचा आहे काय, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, की यंत्र जोडणी तोडते.

शोधाची सुरुवात सोप्या गोष्टीपासून करावी. त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवून, सर्व्हरचा पत्ता उघडून पाहावा. तो उघडला नाही तर दोष इंटरनेटचा किंवा सर्व्हरचा असू शकतो. तो उघडला आणि यंत्र मात्र जोडले जात नसेल, तर पुढची पायरी घड्याळाची.

अशा यंत्रांत लोकप्रिय असलेल्या ईएसपी८२६६ सारख्या चिपमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन परत आली, की तिचा काळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतो. सर्व्हरचे प्रमाणपत्र त्या तारखेला ‘अजून लागू न झालेले’ ठरते आणि जोडणी नाकारली जाते. शेतात वीज वारंवार ये-जा करीत असल्याने हा दोष तेथे अधिक जाणवतो. यावर उपाय दोन. सुरक्षित जोडणीपूर्वी इंटरनेटवरील वेळ-सर्व्हरकडून वेळ मिळेपर्यंत प्रोग्रॅमने थांबावे, अथवा डीएस३२३१ सारखी सेलवर चालणारी घड्याळ-चिप जोडावी.

वेळ बरोबर असूनही अडचण कायम असेल तर शिक्का तपासावा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसातच्या सुमारास ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या असंख्य प्रमाणपत्रांचा विश्वास जुन्या उपकरणांत त्यावरच टेकलेला होता. ज्या उपकरणांत ‘आयएसआरजी रूट एक्स१’ हे नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचले नव्हते, त्यांतील अनेकांची जोडणी त्या दिवशी तुटली. काही प्रोग्रॅममध्ये तर सर्व्हरच्याच प्रमाणपत्राचा ठसा कायमचा लिहून ठेवलेला असतो. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले, की असे यंत्र हमखास बंद पडते.

तिसरे कारण मेमरीचे. ईएसपी८२६६ मध्ये वाय-फाय सुरू झाल्यावर प्रोग्रॅमसाठी ५० किलोबाइटहूनही कमी जागा उरते, तर सुरक्षित जोडणीतील एकच माहितीखंड १६ किलोबाइटपर्यंत असू शकतो. यंत्र सुरू केल्यावर काही तास चालून मग जोडणी तुटत असेल, तर उरलेली मेमरी दर वेळी नोंदवून पाहावी. चौथे कारण जुन्या पद्धतीचे. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. तेवढ्याच जाणणाऱ्या यंत्राला अनेक सर्व्हर दाद देत नाहीत.

या सगळ्याला कंटाळून प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा मार्ग काही जण पत्करतात. त्याने आकडे पुन्हा येऊ लागतात, पण समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे यंत्राला कळत नाही. यंत्र केवळ ओलावा मोजत असेल तर चुकीचे आकडे पोहोचण्याचा धोका. मोटारही चालवत असेल, तर बनावट आदेशाने ती रात्रभर सुरू राहून विहीर उपसली जाऊ शकते.

हा प्रश्न यापुढे वाढणारच आहे. एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणून असे यंत्र घेताना शेतकऱ्यांनी विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: वीज गेल्यावर यंत्राला वेळ कोठून कळते, आणि बांधावर न येता त्यातील प्रोग्रॅम व मूळ प्रमाणपत्र बदलता येते काय? दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच यंत्र बागेत लावावे.