लायनसचं पांघरूण

'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा जेमतेम २५ मिनिटांचा कार्टूनपट ९ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. नाताळ म्हणजे नक्की काय ते कुणी सांगेल का, असं त्याचा छोटा नायक चार्ली ब्राउन वैतागून विचारतो. मग त्याचा मित्र लायनस रंगमंचावर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली ८ ते १४ ही वचनं तोंडपाठ म्हणतो. मुलांच्या कार्यक्रमात बायबल कशाला, अशी सहकाऱ्यांना धास्ती होती; या पात्रांचे निर्माते चार्ल्स शुल्झ हटले नाहीत.

आता लायनसच्या हाताकडे बघा. एरवी जिवापाड धरलेलं त्याचं पांघरूण, देवदूत मेंढपाळांना भीती सोडायला सांगतो नेमक्या त्याच शब्दांवर खाली पडतं. विश्वासाने भीती कशी सुटते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं प्रवचन क्वचितच ऐकायला मिळतं. वचनं संपल्यावर तो ते पुन्हा उचलतो, आणि मला तेही तितकंच खरं वाटतं.

नाताळच्याच दुसऱ्या एका चित्रपटात, फ्रँक काप्रांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये (१९४६), शिकवण वेगळी आहे. नायक जॉर्जच्या संस्थेचे, धनाढ्य पॉटरने दडपलेले ८,००० डॉलर शेवटपर्यंत परत येत नाहीत, त्याला शिक्षाही होत नाही. गावकरीच आपली पुंजी जॉर्जच्या टेबलावर आणून ओततात.