पुठ्ठ्याचं मखर उभं कसं राहतं?

ताईंनो, सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. म्हणून गेल्या वर्षी आपल्या एका गटाने गणपतीसाठी पुठ्ठ्याची मखरं केली. पण खांब वाकले आणि माल परत आला. चूक माझी होती. थर्माकोल कापतात तसाच पुठ्ठा कापायला मी सांगितलं होतं. थर्माकोल जाडीच्या बळावर उभा राहतो. पुठ्ठ्याला बळ येतं ते घडीतून.

यंदा असं करूया. खोक्याच्या पुठ्ठ्याची कड बघा, आत बारीक नळ्या दिसतील. खांबात त्या उभ्याच ठेवायच्या. आडव्या ठेवल्या की वजनाने चेपतात. साधा कार्डपेपर आधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्याच दिशेने घडी घाला. घडीच्या रेषेवर पट्टी धरून संपलेल्या पेनचं टोक दाबून ओढलं, की घडी सरळ येते. चिकटवण्यासाठी कडेला एक सेंटिमीटर जास्त सोडा. खळ घट्ट आणि थोडीच लावा, कारण पाण्याने पुठ्ठा फुगतो.

आधी रद्दी कागदाचा छोटा नमुना करा. तो जुळला तरच चांगला पुठ्ठा कापा, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

पहिलं मखर गटाच्या बैठकीच्या जागी ठेवूया. पावसाळी हवेत आठ दिवस सरळ उभं राहिलं, तरच ऑर्डर घ्यायची. काय म्हणता?