रुपयाला ३६६ किलो

सभेत गरजणाऱ्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. खरी मुलुखमैदान विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. तिचं वजन सुमारे ५५ टन.

एवढं धूड तोलणारा काटा कुठला? पण लांबी साधारण ४.४५ मीटर, तोंडाशी व्यास दीड मीटर आणि नळीचं भोक ७१ सेंटिमीटर, एवढी मापं धरून हिशोब केला, की सहा घनमीटरच्या आसपास धातू निघतो. त्याचं वजन पन्नास टनांच्या वर जातं. म्हणजे आकडा फुगवलेला नाही.

१५४९ साली अहमदनगरात, निजामशाहीत, मुहम्मद बिन हसन रूमी या ओताऱ्यानं ती ओतली. धातू कासं: शंभरात ऐंशी भाग तांबं, वीस भाग कथील. त्या वीस भागांपाशीच मी थबकतो. ५५ टनांत जवळपास ११ टन कथील होतं आणि दख्खनच्या काळ्या कातळात कथील सापडत नाही. ते समुद्रापलीकडून यायचं, मग घाट चढून नगरला. एका तोफेसाठी ११ टन! तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय, त्याच्या दातांखाली हत्ती चिरडलाय. भर उन्हातही हा धातू हाताला गार लागतो, असं सांगतात; टिचकी मारली की तो घंटेसारखा घुमतो. नळीत मावणारा दगडी गोळा चारशे किलोंच्या घरात जातो.

पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये आदिलशाहीचे मुरार जगदेव ती विजापूरला घेऊन गेले. सरळ रेषेत धरलं तरी १६० किलोमीटर, वाटेत काळी चिकट जमीन आणि भीमा नदी. ओढायला ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसं होती, असं सांगतात. नुसत्या बैलांवर वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १३७ किलो येतात. पण ते ओझं एकाच गाड्यावर, एकाच चाकोरीत. दोनशे जोड्या एका दमात ओढायच्या म्हणजे हाकणाऱ्यांची कसोटीच. तिच्या जोडीची कडकबिजली तोफ भीमेत बुडाली, अशीही आठवण सांगतात.

याच मुरार जगदेवांनी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली, असं सांगतात. युक्ती शहाजीराजांची: हत्तीला नावेत चढवायचं, पाण्याची रेघ खुणेनं टिपायची, मग त्याच रेघेपर्यंत नाव दगडांनी भरायची आणि ते दगड तोलायचे. काटा नसतानाही वजन चोख निघालं! गावाला तुळापूर हे नाव तिथून मिळालं.

आणि १८५४ साली इंग्रजी अमलात मुलुखमैदान तोफेचा लिलाव पुकारला गेला. वरची बोली १५० रुपये! त्या काळच्या चांदीच्या रुपयांत म्हणजे पावणेदोन किलो वजनाची नाणी. भाव पडला रुपयाला ३६६ किलो कासं. बुरुजावरून उतरवून न्यायलाच त्याहून जास्त पैसे लागले असते. लोकांची तोफेवर श्रद्धा असल्याचं साहेबाच्या कानावर गेलं आणि विक्री रद्द झाली.