नोंद कोणाच्या नावावर?

संपादकांनी पाठवलं होतं खजोदचं सुरत डायमंड बोर्स पाहायला. 17 डिसेंबर 2023ला उद्घाटन झालेलं, साडेचार हजारांच्या आसपास कचेऱ्यांचं ते अवाढव्य संकुल. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी रेंगाळले वराछातल्या एका हिरे कारखान्याच्या संगणक खोलीत, उधन्यात वाढलेल्या एका धुळेकर डेटाबेसवाल्यापाशी.

हिऱ्याचं पाकीट कारागिराकडे जाताना वजन होतं, परत येताना पुन्हा. या नोंदी करणारे सगळे आपापल्या नावानं लॉगिन करतात. डेटाबेसला मात्र त्यातलं एकही नाव ठाऊक नसतं. माणसागणिक कनेक्शन उघडणं महाग पडतं. म्हणून ॲप्लिकेशन एकाच खात्यानं मोजकी कनेक्शनं उघडून ठेवतं आणि ज्याचं काम येईल त्याला क्षणभर वापरायला देतं. मग 0.52 कॅरटचे 0.50 कोणी केले? डेटाबेस सांगतो, ‘ॲप’नं!

यावरचा उपाय मला भलताच आवडला. कनेक्शन हाती आलं की आधी त्यावर खऱ्या माणसाची ओळख लावायची. ऑरॅकलमध्ये क्लायंट आयडेंटिफायर, एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेशन कॉन्टेक्स्ट. ऑडिटचा ट्रिगर तिथून नाव उचलतो.

“लावतात सगळे, ताई. पुसायला विसरतात,” तो म्हणाला. ऑरॅकलमध्ये ओळख पुसेपर्यंत सेशनवर राहते. तेच कनेक्शन दुसऱ्याला मिळालं आणि त्याची ओळख लावायची राहिली, तर त्याची दुरुस्ती पहिल्याच्या माथी. त्यापेक्षा कोरा रकाना बरा. पोस्टग्रेसमध्ये तो ‘सेट लोकल’ वापरतो. ट्रान्झॅक्शन संपलं की नाव आपोआप जातं.

1 एप्रिल 2023पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारी ऑडिट ट्रेल सक्तीची आहे. गंमत म्हणजे नियमाच्या मजकुरात बदलाची तारीख मागितली आहे, माणसाचं नाव नाही. आणि थेट डेटाबेसमध्ये झालेल्या बदलांची नोंद राहत नव्हती, असे शेरे नंतर अनेक लेखापरीक्षकांनी मारले.

डेटाबेसवाल्याला खरी धास्ती या थेट बदलांचीच आहे. लावलेली ओळख खरी की खोटी, हे डेटाबेस तपासत नाही. ॲपच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो थेट आत शिरून कोणाचंही नाव लावू शकतो. तो पासवर्ड माणसांच्या हातून काढून घ्यावा, असं हा शेठना सांगत असतो. पण रात्री सर्व्हर अडला की फोन यालाच येतो, आणि तेव्हा तोच पासवर्ड यालाही लागतो.