भाकरीच्या ज्वारीची बिअर

मराठवाड्यातल्या आष्टी-कडा पट्ट्यातलं कुणी परदेशात स्थिरावलं आणि घरच्या घरी बिअर बनवायच्या नादाला लागलं, तर त्यांनी जवाच्या बरोबरीने ज्वारीही हाताळून पाहावी. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथे तिची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. दक्षिण आफ्रिकेतली ‘उमकोंबोथी’ ज्वारी-मक्याचीच. नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाची, आयात बंद केली, तेव्हा तिथले मोठमोठे कारखाने ज्वारी-मक्यावर आले. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून 2006 पासून अमेरिकेतल्या दुकानांतही ज्वारीची बिअर दिसू लागली.

ज्वारीची एक खोड मात्र आहे. तिचा स्टार्च फुलायला साधारण 70 अंशांच्या वर उष्णता लागते, आणि त्याची साखर करणारे माल्टमधले एन्झाइम तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. उपाय आपल्या ओळखीचा: आधी पिठाची कण्हेरी शिजवायची, ती 65 अंशांच्या आसपास निवली की मग माल्ट घालायचा. आंबील करणाऱ्या घरात हे शिकवावं लागणार नाही.

माल्ट मात्र तयारच विकत घ्या. मोड आलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती याचमुळे. माल्ट करणारे कोंब आणि मुळं चोळून काढतात, दाणा उष्णतेवर सुकवतात. हे काम नवख्याचं नव्हे.

यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. ‘एल’ प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. नॉर्वेच्या शेतघरांतलं ‘क्वाइक’ मात्र 35 अंशांतही खुशाल काम करतं. थंड देशातल्या लोकांनी आपल्या मराठवाड्याच्या उन्हाला साजेसं यीस्ट सांभाळलं, याचं मला फार अप्रूप वाटतं! बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स तर भांगेच्या कुळातले.

सामान भरताना बिअरचं पाणी तापवायला भारतातला हीटर अमेरिकेला नेऊ नका. 230 व्होल्टचा हीटर तिथल्या 120 व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीने तापतो. कृती ब्रिटिश पुस्तकातली असेल तर गॅलनही तपासा: ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकी पावणेचार लिटरचा.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनने घरच्या बिअरचा परवाना 1963 मध्ये काढून टाकला. अमेरिकेत 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली; दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करमुक्त. तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं 2013 पर्यंत अडून होती. जपानमध्ये 1 टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की घरची बिअर बेकायदा. आंबवणं वेगळं, भट्टी लावून गाळणं वेगळं: गाळायला न्यूझीलंडने 1996 मध्ये स्वतःपुरती मुभा दिली, ब्रिटनमध्ये मात्र परवान्याशिवाय तो गुन्हाच.

बाटली भरायची घाई करू नका. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, तरच भरा. साखर शिल्लक राहिली तर काच फुटते.

आणि सुट्टीला आष्टीला याल तेव्हा ही हौस तिकडेच ठेवून या. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे.